सत्तेचाळीस नंबरचा फॉर्म

एम.ए.ला समाजशास्त्रच का घेतलं, असं कुणी विचारलं की मी आजही काहीतरी भारदस्त सांगते आणि लोक माना डोलावतात. खरं कारण सांगायला आता लाज वाटत नाही. भूगोलाच्या खिडकीपुढं ही भली मोठी रांग होती, समाजशास्त्राच्या खिडकीपुढं एकटी ज्योती उभी होती, आणि मला बारामती स्टँडवरून सव्वाचारची इंदापूर गाडी गाठायची होती. ज्योती नरसिंहपूरची, भाजीपाल्याची शेती असलेल्या घरातली, बी.ए.पासूनची माझी मैत्रीण. ती म्हणाली, "ये की हिकडं. सोपा विषय हाय म्हणं. समाजात तर आपण ऱ्हातोच." मी गेले. पहिल्याच तासाला कुंभार सरांनी फळ्यावर 'समाज म्हणजे काय?' असं लिहिलं आणि तास संपेपर्यंत त्याचं उत्तर काही दिलं नाही. नुसते वर्गभर फिरत राहिले. मी ज्योतीकडं पाहिलं, ज्योतीनं माझ्याकडं पाहिलं, आणि दोघींनाही कळून चुकलं की आपण चांगल्याच अडकलोय.

तो सगळा काळ मला आठवतो तो असाच, डोक्यात गुंता घेऊन हिंडल्यासारखा. पुस्तकातलं वाक्य वाचताना कळायचं, पान उलटलं की जायचं. 'भूमिका', 'दर्जा', 'संस्था' हे शब्द मला लहानपणापासून ठाऊक होते, पण सर ते बोलायला लागले की तेच शब्द परक्या गावच्या माणसांसारखे वाटायचे. विवाह ही संस्था आहे म्हणे. आमच्याकडं संस्था म्हणजे सोसायटी, दूधसंस्था, नाहीतर शिक्षणसंस्था. लग्नाला कुणी संस्था म्हणत नव्हतं. मी वहीत सगळं उतरवून घ्यायचे, खाली रेघा मारायचे आणि खोलीवर येऊन त्या रेघांकडं बघत बसायचे. ज्योतीला मी एकदा विचारलं, "तुला कळतंय का काही?" ती पोह्यांचा घास चावत म्हणाली, "न्हाय. पन तुलाबी कळत न्हाय म्हणून बरं वाटतंय."

बारामतीत आम्ही दोघींनी मिळून एक खोली घेतली होती. माझं गाव लासुर्णं काही लांब नाही, एसटीनं तासाभराचा रस्ता. पण गाडीचा भरवसा नसायचा आणि ग्रंथालय संध्याकाळपर्यंत उघडं. खोली घ्यायची गोष्ट निघाली तेव्हा तात्या, म्हणजे माझे वडील, ताटावरून उठता उठता थांबले होते. "पोरीची जात, खोली करून ऱ्हानार? भावकी काय म्हनंल?" त्यावर आई, जी सहसा तात्यांच्या शब्दापुढं शब्द टाकत नसे, ती परातीतलं पीठ मळता मळता म्हणाली, "भावकी काय परीक्षेला बसनार हाय व्हय तिच्या जागी? शिकू द्या." एवढंच. पण त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्या शिक्षणाची बाजू म्हणजे आई, असं ठरून गेलं. मी ते इतकं गृहीत धरलं होतं, की त्यावर कधी विचार करावा असं मनातसुद्धा आलं नाही. तात्यांची अट मात्र एकच होती. एम.ए. झालं की लग्न, मग पुन्हा शिक्षणाचं नाव काढायचं नाही.

आमची वस्ती गावापासून जरा बाजूला, चारीच्या कडेला. चारी म्हणजे कालव्याचा लहान फाटा. घरापुढं मोकळं अंगण, अंगणापलीकडं ऊस, आणि उसापलीकडं पुन्हा ऊस. घर तसं शांत होतं पण गप्प कधीच नव्हतं. लाईट आली की मोटर सुरू व्हायची, तिची घरघर इतकी अंगवळणी पडलेली की ती थांबली तरच आम्हाला ऐकू यायचं. कारखान्याचा भोंगा व्हायचा. हंगामात उसानं भरलेले ट्रॅक्टर स्पीकरवर गाणी लावून रस्त्यानं जायचे, आणि गाणं दूर गेलं तरी त्यातला ढोल बराच वेळ मागं रेंगाळत राहायचा. पण या सगळ्यात माझा आवाज म्हणजे आईच्या भाकरीचा. दोन्ही हातांनी परातीत थापलेली भाकरी, आधी जड, मग हलकी, मग भराभर. नुसत्या आवाजावरून मला कळायचं की ज्वारीची आहे की बाजरीची, आणि आई रागात आहे की बरी आहे. शेंगदाण्याची चटणी ती पाट्यावर वाटायची, मिक्सर घरात आल्यावरसुद्धा. "मिक्सरमंदी तिचं पीठ हुतंय," म्हणायची. ती चटणी, वर कच्चं तेल, गरम भाकरी. आत्ता लिहितानाही तोंडाला पाणी सुटलं, आणि डॉक्टरांनी शेंगदाणे बंद केलेत.

दुसऱ्या वर्षाला कुंभार सरांनी निरीक्षण वही नावाचं नवं प्रकरण काढलं. रोज डोळ्यांसमोर जे दिसतं ते लिहायचं, आपलं मत घालायचं नाही. "तटस्थ राहा," सर म्हणायचे. "स्वतःच्या घरात पाहुणे म्हणून जा. मग तुम्हाला घर दिसेल." हे वाक्य मला फारच आवडलं. सगळ्या अभ्यासक्रमातलं पहिलं वाक्य, जे मला कळलं असं वाटलं. मग काय, शनिवारी घरी गेले की मी चुलीशेजारी पाटावर वही घेऊन बसायचे. आधी कोण जेवतं, कोण वाढतं, कोण कुणाला हाक मारतं, तात्या घरात आले की आवाज किती खाली येतो, सगळं लिहायचे. त्या वहीतलं एक पान अजून माझ्याकडं आहे. 'आई सर्वांत शेवटी जेवते. उरलेली भाजी घेते.' पुढच्या शनिवारी आईनं मला लिहिताना पाहिलं असावं, कारण त्या दिवशी ती आमच्याबरोबरच ताट घेऊन बसली, अवघडून, एक गुडघा वर करून. आणि मी बावळट, खाली लिहिलं, 'बदल दिसतो.' काय बदल, कसला बदल! माझं डोकं! आज ते पान काढून वाचलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

लघुप्रबंधासाठी मी विषय घेतला तो असा: कॉलेजात शिकणाऱ्या मुलींच्या आयांना त्या शिक्षणाबद्दल काय वाटतं. सरांना विषय पसंत पडला. गावं दोन, लासुर्णं आणि नरसिंहपूर. प्रत्येक गावातल्या तीस आया, एकूण साठ फॉर्म. नाव लिहायचं नाही, फक्त नंबर टाकायचा. बाईला आधीच सांगायचं, की तुमचं नाव कुठंही येणार नाही. आणि फॉर्मच्या शेवटी रिकामी जागा सोडलेली, तिथं बाई जे आपणहून बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहायचं, एक अक्षरही सुधारायचं नाही. वर सरांचा नियम, आपल्या गावात आपण फॉर्म भरायचा नाही. "गावातल्या लेकीला कोण खरं सांगणार?" ते म्हणाले. ज्योतीचा विषय वेगळा होता, पण तिलाही याच दोन गावांत फिरायचं होतं, म्हणून आम्ही गावं बदलून घेतली. माझे फॉर्म घेऊन ती लासुर्ण्याला आणि माझे-तिचे दोन्ही घेऊन मी नरसिंहपूरला. लासुर्ण्यात कुणाच्या मुली कॉलेजात आहेत ती यादी मीच ज्योतीला करून दिली. त्यात आमचं घर नव्हतं. स्वतःच्या आईला नमुन्यात कसं घ्यायचं? एवढं समाजशास्त्र मला येत होतं.

दोघी एकाच गाडीत बसायचो. बारामतीहून इंदापूरला जाणारी गाडी आमच्या लासुर्ण्यावरून जाते. तिथं ज्योती उतरायची, आणि मी माझं गाव खिडकीतून मागं जाताना बघत पुढं इंदापूरला जायचे. स्टँडवर ट्रकवाल्यांच्या आणि तहसील कचेरीत कामाला आलेल्या माणसांच्या गर्दीत चहा घ्यायचे आणि नरसिंहपूरची गाडी पकडायचे. सगळं उलटंच वाटायचं. माझ्या घराशी ज्योती, ज्योतीच्या घराशी मी. तिकडं नदीच्या संगमाजवळ, देवळाच्या बाजूच्या आळीत, बायका मला पहिल्यांदा एकच विचारायच्या, "योजना हाय का कसली? फोटू लागंल का?" योजना नाही म्हटलं की निम्मा उत्साह जायचा. कुटुंबप्रमुखाचं नाव विचारलं की म्हाताऱ्या पदर तोंडाशी न्यायच्या. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? मग मी म्हणायचे, "नाव घ्या की मावशी, उखाण्यात." की लगेच आळीतल्या बायका गोळा, हशा, टाळ्या, आणि कागदावर नाव! नाव कागदावर घ्यायचंच नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं सातव्या फॉर्मला. सगळी खोडाखोड केली. पुढं वीस वर्षं मी हेच काम केलं, दारोदार जाऊन माणसांना प्रश्न विचारायचं. आता टॅबवर भरतात, खोडाखोड दिसत नाही. पण गोंधळ तेवढाच असतो, हे माझं मत आहे आणि ते मी मीटिंगमध्ये बोलते म्हणून मला मीटिंगला कमी बोलावतात.

फॉर्म पुरे झाल्यावर रविवारी दुपारी खोलीत सतरंजी टाकून मी साठही फॉर्म ओळीनं मांडले. ज्योती धुणं घेऊन नळावर गेली होती. एकेक उचलायचा, वाचायचा, तक्त्यात खूण करायची. एक ते तीस मी भरलेले, एकतीस ते साठ तिनं भरलेले. 'मुलीला एवढं शिकवलं ते योग्य वाटतं का?' या प्रश्नाला साधारण सगळ्यांनी व्हय म्हटलेलं. मला जरा कंटाळाच आला होता. सत्तेचाळीस नंबरचा उचलला. वय शेहेचाळीस. शिक्षण चौथी. शेती ऊस. मुलगी एम.ए.ला, बारामतीला खोली करून राहते. मी वाचत पुढं गेले आणि मग थांबले. लासुर्ण्याची, बारामतीला खोली करून राहणारी मुलगी एकच होती आणि ती सतरंजीवर बसून हे वाचत होती. प्रश्न: मुलीला एवढं शिकवलं ते चुकलं असं कधी वाटतं का? उत्तर: होय. आणि खाली, रिकाम्या जागेत, ज्योतीच्या तिरक्या अक्षरात आई बोलत होती.

'चुकलंच म्हना. पोरगी आली की पाव्हन्यावानी बसती. म्या भाकरी थापताना बघती आन मधीच वहीत लिवती. म्या काय जत्रंतला पाळना हाय व्हय बघायला? तिचं वाईट न्हाय काय, गुनाची हाय. पन आता तिच्याम्होरं मला भाकरी थापायची बी लाज वाटती.'

मी ते चार वेळा वाचलं. आधी वाटलं ज्योतीनं बनवून लिहिलं. मग वाटलं, ज्योतीला पाळण्याचं कसं सुचेल? हे आईचंच बोलणं होतं, तिचा आवाज त्या अक्षरांतून येत होता. मला राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग. माझी बाजू घेणारी आई, तात्यांपुढं माझ्यासाठी बोलणारी, ती एका परक्या पोरीपुढं म्हणते की चुकलं? की परकी होती म्हणूनच म्हणाली? सर तर हेच सांगत होते, परक्यालाच खरं सांगतात. मग घरात बोलली ते काय होतं? ज्योती बादली घेऊन आत आली तेव्हा मी फॉर्म तिच्या नाकासमोर धरला.

ज्योतीचा चेहरा पडला. "यादीतलं सत्तेचाळीस नंबरचं घर लगनाला गेलं हुतं अर्चे," ती म्हणाली. "एकोनतीसच झालं. आन तुज्या आईनं जेवल्याबिगर सोडलं न्हाय. ताट वाढलं, शेजारी बसल्या, म्हनल्या इचार की मलाबी. मी इचारलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"नाव सांगायचं न्हाय, सरच म्हनलं न्हवं? मी तुज्या आईला शब्द दिला की कुनाला कळनार न्हाय. मग तुला कशी सांगू?"

"पण फॉर्म तर माझ्याच हातात द्यायचा होता, येडे!"

"त्ये माझ्या ध्यानातच आलं न्हाय," ज्योती म्हणाली आणि बादली खाली ठेवून रडायला लागली. मग मीही लागले. खोलीत एवढीशी जागा, खाली साठ फॉर्म, आणि कुठल्याही फॉर्मवर पाणी पडू नये म्हणून दोघी दाराशी उभं राहून रडलो. याचं मला आता हसू येतं, तेव्हा नव्हतं आलं.

मी तो फॉर्म गुपचूप बाजूला काढणार होते. साठाचे एकोणसाठ झाले असते, बिघडत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी कुंभार सर म्हणाले, फॉर्म आणा बघू, आणि मी घाबरून गठ्ठा जसाच्या तसा नेला. सर चष्मा कपाळावर चढवून एकेक पलटत होते. सत्तेचाळीसला ते थांबले. एकदा वाचलं, चष्मा खाली घेऊन पुन्हा वाचलं. "अर्चना," ते म्हणाले, "हे बाकीचं सगळं ठीक आहे. पण तुझा प्रबंध या एका फॉर्मात आहे. या बाई सांगताहेत, शिक्षणानं घरात काय होतं. यांची सविस्तर मुलाखत घे आणि त्यावर एक वेगळं प्रकरण लिही." मग आवाज खाली आणून म्हणाले, की पुण्याला त्यांच्या ओळखीच्या एका संशोधन प्रकल्पात एक मुलगी हवी आहे, आणि असं प्रकरण दाखवता आलं तर ते माझं नाव सुचवतील. ज्योती माझ्या शेजारी उभी होती. तिनं खाली मान घातली ती वर केलीच नाही.

म्हणजे बघा कसा पेच. प्रकरण लिहिलं तर पुण्याची नोकरी, आणि नोकरी असली की तात्यांना लग्नासाठी घाई करता येणार नव्हती. नाही लिहिलं तर एम.ए. संपलं, चला बोहल्यावर. आणि लिहायचं तर आईचं लिहायचं, जे तिनं माझ्यापासून लपवून दुसरीला सांगितलं. नाव नसलं म्हणून काय झालं, लासुर्ण्यात एकानं वाचलं तरी भाकरी थापणारी ती बाई कोण, हे सगळ्या गावाला कळणार. सरांना सांगावं की ही माझी आई आहे, तर ज्योतीनं दिलेला शब्द मी मोडला. न सांगावं तर मुलाखत घ्यायची कुणाची? माझं डोकं भणभणून गेलं. दोन दिवस मी काही वाचू शकले नाही. तिसऱ्या दिवशी मी वही खोलीवरच ठेवली, फॉर्मची घडी करून पर्समध्ये घातली आणि सकाळची गाडी धरली. अशी मधल्या वारी मी कधी घरी जात नसे.

तात्या उसाला पाणी धरायला गेले होते. दादा, माझा थोरला भाऊ, गावात. आई एकटीच होती, चुलीपुढं. "काय गं, सुट्टी हाय?" म्हणाली. मी नाही म्हटलं. ती उठली, हात धुतले, पाट मांडला. ताट घेतलं, त्यात वांग्याची भाजी, चटणीवर तेल, बाजूला दह्याची वाटी, गुळाचा खडा. मग परातीशी बसली आणि भाकरी थापायला लागली, पण माझ्याकडं पाठ करून. नेहमी ती तोंड माझ्याकडं करून बसायची. कधीपासून पाठ करत होती कोण जाणे. मी इतकी निरीक्षणं लिहिली, त्यात हे नव्हतं.

मला सविस्तर मुलाखत घेता येत होती, सुरुवात कशी करायची, बाईला मोकळं कसं करायचं, सगळं पाठ होतं. तोंडातून मात्र एवढंच आलं, "आये, ज्योतीचा फॉर्म मी वाचला."

भाकरीचा आवाज थांबला नाही. थापता थापताच आई म्हणाली, "कुटला?"

मी घडी उलगडली आणि वाचून दाखवलं. सगळं. पाळण्याचंसुद्धा. आईनं भाकरी तव्यावर टाकली, वर पाणी फिरवलं, आणि पाठ तशीच ठेवून म्हणाली, "म्या असं बोललेच न्हाय."

"आये, तुझंच बोलणं आहे हे."

"न्हाय गं बाई. ती पोरगी जेवत हुती. जेवायला बसलेल्या पाव्हन्याला न्हाय कसं म्हनायचं? तिनं इचारलं चुकलं का, म्या म्हनलं व्हय. त्येच्या आदी बराबर झालं का इचारलं, तवाबी म्या व्हयच म्हनलं हुतं. ताटावरच्या मानसाचं मन मोडू न्हाय."

साठ फॉर्म डोळ्यांपुढून गेले. नरसिंहपुरात मी किती घरी चहा घेतला होता, किती ठिकाणी पोह्यांची बशी हातात घेऊन प्रश्न विचारले होते! सगळीकडं व्हय. ते व्हय माझ्या प्रश्नाला होतं की माझ्या हातातल्या बशीला? माझ्या तक्त्यातल्या खुणा खऱ्या कशावरून? पुस्तकात याचा काही उपाय दिलेला असेल, मला तेव्हा आठवला नाही. आणि तरीही आई जे म्हणत होती ते बसत नव्हतं. व्हय म्हणणं वेगळं. भाकरी थापायची लाज वाटते, हे तर ज्योतीनं विचारलंच नव्हतं.

"आणि वहीचं?" मी म्हणाले. "ते तर तू आपणहून बोललीस."

आईनं भाकरी उलटली, आरावर टेकवली. ती फुगली. फुगलेली भाकरी तिनं माझ्या ताटात टाकली, आणि आता कुठं माझ्याकडं पाहिलं. तिचे डोळे लाल होते, पण ते चुलीच्या धुरानंही व्हायचे. माझ्यासमोर ती खोटं बोलत होती का? तिनं ज्योतीचं मन मोडू नये म्हणून व्हय म्हटलं, तर आता कुणाचं मन मोडू नये म्हणून न्हाय म्हणत होती? समोर ताट होतं, दह्याची वाटी होती, गुळाचा खडा होता. घरच्या माणसाला आमच्याकडं कोण गूळ वाढतं?

"त्या कागदावर माझं नाव हाय?" आईनं विचारलं.

"नाही."

"गावाचं?"

"गावाचं आहे. पण मी काढून टाकीन."

"मग ऱ्हाऊ दे त्यात," ती म्हणाली. "तुजं काम आडत आसंल तर ऱ्हाऊ दे. आसंल कुनाच्या तरी आयचं."

मग तिनं माझ्या ताटात आणखी थोडी चटणी वाढली, न विचारता. मी खाली मान घालून जेवत होते. ताटात टाकून उठायची सोय नव्हती. बाहेर मोटरची घरघर चालू होती. आईनं पुढची भाकरी थापायला घेतली, थांबली, आणि पिठाचे हात तसेच धरून अगदी हळू आवाजात म्हणाली, "वाचून तुला वाईट न्हाय ना वाटलं, अर्चे?"

मी ताटावर बसले होते. मी म्हणाले, "न्हाय."